ट्रस्टला डोळे लागतात

मुंबईत घरात मोठं आजारपण आलं की एक फाइल तयार होते. बटणाची, पारदर्शक प्लास्टिकची. आत हॉस्पिटलचं एस्टिमेट, रेशन कार्डाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, पेशंटचा फोटो आणि एक यादी. यादी ट्रस्टांची. हॉस्पिटलातल्या एमएसडब्ल्यू मॅडमनी, म्हणजे समाजसेविकेनं दिलेली, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन फिकी पडलेली. कोण कुठल्या वारी अर्ज घेतो, कोण फक्त लहान मुलांना देतो, कोण डायलिसिसला देतो पण ऑपरेशनला देत नाही, अशा खुणा तिच्यावर पेनानं केलेल्या असतात. आधी फिरून गेलेल्या कुणीतरी. सिद्धिविनायक, टाटा, वाडिया ही नावं वर. खाली सरकत गेलं की फोर्ट, काळबादेवी, गिरगाव, दादरमधले छोटे घरगुती ट्रस्ट लागतात. त्यातल्याच एकात मी अर्ज वाचायचं काम करते.

आमचा ट्रस्ट एका छापखानेवाल्यांचा. १९५०च्या दशकात त्यांनी एक चाळ आणि थोडे शेअर ट्रस्टच्या नावावर केले आणि दोन पानी डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्त, करून ठेवलं. त्यात नेहमीचीच यादी आहे: गरीब व होतकरू विद्यार्थ्यांस साहाय्य, आजारी माणसांस औषधपाणी, व तत्सम लोकोपयोगी कार्य. मग एक वाक्य येतं, ज्यावर आमच्या निम्म्या मीटिंगा खर्ची पडतात: ‘गिरगाव व लगतच्या परिसरातील गरजूंस प्राधान्य द्यावे.’

आता गिरगावातले गरजू कुठे शोधायचे? चाळी पाडून टॉवर उभे राहिले, आणि ज्यांना मदत लागायची ती घरं केव्हाच डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. तरी अर्जात माणसं आवर्जून जुना पत्ता घालतात. ‘आमचे आजोबा खोताच्या वाडीत राहायचे’, म्हणजे आम्ही तुमचेच. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना हे पटतं. त्यांची पुतणी न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर मीटिंगला बसते, तिला पटत नाही. तिचं म्हणणं, लगतचा परिसर म्हणजे ग्रँट रोड, कामाठीपुरा, नागपाडा. तिथली माणसं अजून तिथेच आहेत की! नकाशा काढला तर तिचंच बरोबर. डीड लिहिताना मूळ मालकांच्या मनात कामाठीपुरा असेल, हे मात्र मला खरं वाटत नाही. ते गेले, त्यांना विचारता येत नाही, आणि ट्रस्टच्या सगळ्या भानगडी इथूनच सुरू होतात.

हयात असलेला माणूस देतो तेव्हा तो डोळ्यांनी बघून देतो. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांची गोष्ट या बाबतीत मला फार आवडते. ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. १९१९च्या सुमारास तिथल्या शर्यतींत त्यांनी खेड्यापाड्यांतले धावपटू अनवाणी धावताना पाहिले. शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, पायात बूट नाहीत, आणि वेळ मात्र युरोपातल्या धावपटूंच्या आसपास. दोराबजींनी गव्हर्नरांकडे शब्द टाकला, खटपट केली, खर्चाला हात लावला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत पदकाच्या अगदी जवळ जाऊन परतले. या सगळ्याला ना अर्ज होता, ना छाननी समिती. एका श्रीमंत माणसानं मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलं आणि त्याला वाटलं, बस्स.

असं देणं देखणं असतं, पण ते त्या माणसाबरोबर संपतं. शिवाय त्यात एक अन्याय असतो, जो सहसा कुणी बोलत नाही: जो मैदानावर आला त्याला मिळालं. जो घरीच राहिला त्याचं काय?

१९३१च्या जूनमध्ये दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियानं गेल्या. वेल्समध्ये, घरापासून हजारो मैल दूर. पुढच्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावानं रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी ट्रस्ट केला. त्याच सुमारास स्वतःची जवळजवळ सगळी मालमत्ता, टाटा सन्समधले शेअर, जमीनजुमला, दागिने, दुसऱ्या एका ट्रस्टच्या, आजच्या सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या, हवाली केली. तेव्हाच्या हिशेबानं सुमारे एक कोटी रुपये. त्यात ज्युबिली हिराही होता, २४५ कॅरटचा, मेहेरबाईंसाठी घेतलेला. तो पुढे विकला गेला आणि पैसे ट्रस्टमध्ये आले. पत्नीच्या समाधीवर वर्षश्राद्धाला जावं म्हणून ते इंग्लंडला निघाले होते. वाटेत जर्मनीत ३ जून १९३२ला त्यांनीही देह ठेवला.

त्यांच्या डीडमध्ये गिरगाव नाही, मुंबई नाही, पारशी नाहीत. जागा, राष्ट्र, धर्म यांतला कुठलाही भेद न करता, अशी त्यातली अट. आमच्या डीडच्या नेमकी उलट. मला वाटायचं, असा मोकळा हात मिळालेले विश्वस्त किती सुखी असतील! आता उलट वाटतं. ‘गिरगाव’ लिहिलेलं असलं की निदान भांडायला एक रेघ तरी असते. ‘कुणालाही, कशासाठीही’ म्हटलं की दारात सगळी मुंबई येते.

आणि आमच्या दारात आली की काय होतं ते सांगते. एस्टिमेट चार लाखांचं असतं. आमचा चेक दहा हजारांचा, तोही हॉस्पिटलच्या नावानं. पेशंटच्या हातात द्यायचा नाही हा सगळ्याच ट्रस्टांचा दंडक. म्हणजे त्या बापाला असे पंधरावीस ट्रस्ट गाठायचे असतात. प्रत्येक ठिकाणी तीच कागदपत्रं, तोच प्रश्न: ‘बाकीचे पैसे कुठून उभे करणार?’ पहिले दोन चेक मिळेपर्यंत सगळे बिचकतात. अर्धी रक्कम जमली की उरलेले ट्रस्ट पटकन देतात, कारण आता काम पुरं होईलसं दिसतं. सुरुवातीला द्यायला कुणालाच नको असतं. मीही त्याला अपवाद नाही. मुलगा वॉर्डात आणि बाप लोकलमध्ये, असे आठवडे जातात.

त्यात आमचं वर्ष मार्चला संपतं. आयकराच्या नियमानुसार ट्रस्टनं उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच वर्षात आपल्या कामावर खर्च करायचा. १५ टक्के बाजूला ठेवता येतात, त्याहून जास्त साठवायचे तर कारण आणि मुदत लिहून द्यावी लागते. विश्वस्तांनी पैशावर बसून राहू नये म्हणून केलेला नियम, आणि तो योग्यच आहे. पण छोट्या ट्रस्टात त्याचा व्हायचा तो परिणाम होतो. फेब्रुवारीत सीएंचा फोन येतो, ‘अजून एवढे जायचेत हो.’ मग मार्चमध्ये आलेल्या अर्जाची चांदी. जूनमध्ये फीचे अर्ज ढिगानं येतात तेव्हा वर्ष नुकतं सुरू झालेलं असतं आणि हात आखडलेला असतो.

तर दोराबजींचे विश्वस्त. त्यांच्याकडेही अशाच मागण्यांचा लोंढा असणार. तो थोडाथोडा वाटून मोकळं होणं सहज शक्य होतं, आणि तसं केलं असतं तर कुणी नावंही ठेवली नसती. त्यांनी सल्ला घेतला तो क्लिफर्ड मॅनशार्ड यांचा. हे अमेरिकन गृहस्थ १९२५मध्ये मुंबईत आले होते, अमेरिकन मराठी मिशनकडून, शिकागोत शिकलेले. पुतणीच्या ‘लगतच्या परिसरात’, नागपाड्यात, त्यांनी दोनेक वर्षांतच नेबरहूड हाउस सुरू केलं. मुस्लिम, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू, सगळ्यांची दाटीवाटीची वस्ती, शेजारी कामाठीपुरा. तिथे दवाखाना, वाचनालय, वर्ग, व्याख्यानं, खेळ. नागपाडा आजही बास्केटबॉलसाठी ओळखला जातो, त्याची मुळं त्याच काळातली.

म्हणजे ज्या माणसाला विचारलं तो रोज त्या गल्लीत उभा राहणारा होता. या एका गोष्टीचं मला अप्रूप वाटतं. विश्वस्त फोर्टात बसत, त्यांच्याकडे पैसा होता आणि अक्कलही होती. गल्ली दिसत नव्हती. ती ज्याला दिसत होती त्याला त्यांनी बोलावून घेतलं. मॅनशार्डांनी आपल्या नेबरहूड हाउसला आणखी दोन मजले बांधून मागितले नाहीत. त्यांनी सुचवलं ते समाजकार्य शिकवणारं विद्यालय. मदतीची इच्छा असलेली माणसं शहरात भरपूर होती. कुणाला, कशी, किती काळ मदत करायची हे शिकलेली जवळजवळ नव्हतीच. १९३६मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, नागपाड्याच्या त्याच इमारतीत. मॅनशार्ड पहिले संचालक. हीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली आणि १९५४मध्ये देवनारला गेली.

दोराबजींचे धाकटे बंधू सर रतन टाटा यांनी या वाटेवर आधीच पाऊल टाकलं होतं, फक्त भलत्या गावात. १९१२मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दारिद्र्याच्या अभ्यासासाठी वर्षाला १,४०० पौंड द्यायला सुरुवात केली. त्या पैशातून इतिहासकार आर. एच. टॉनी यांनी इंग्लंडमधल्या साखळ्या बनवणाऱ्या कामगारांच्या किमान मजुरीचा अभ्यास केला. परळ-लालबागच्या गिरणगावात एकेका खोलीत दहादहा माणसं राहत असताना मुंबईचा पैसा इंग्रज मजुराच्या पगाराचा हिशेब मांडत होता! हे वाचून मी आधी चिडले होते. पण गरिबी ही मोजून, अभ्यासून समजून घ्यायची गोष्ट आहे हा विचार त्या काळात तिथेच आकार घेत होता, आणि रतन टाटांना तोच हवा होता. आपल्या मृत्युपत्रातही त्यांनी ठोकळेबाज दानधर्मापेक्षा नीट आखलेल्या योजनांवर भर दिला. तरीही तो पैसा मुंबईत आला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

नागपाड्याच्या त्या विद्यालयाचं पुढे काय झालं, तर १९४६मध्ये जे. जे. हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. नागपाड्याहून जे. जे. चालत जाण्याच्या अंतरावर आहे. थोड्याच काळात टाटा इन्स्टिट्यूटमध्ये या विषयाचा खास अभ्यासक्रमही सुरू झाला. आज केईएम, सायन, नायर, टाटा, कुठेही जा, ओपीडीच्या आसपास एक छोटी खोली असते, बाहेर बाकडं, आत एक टेबल आणि फायलींचा ढीग. तिथे बसलेली बाई विचारते: घरात कमावणारे किती, गावाला जमीन आहे का, कर्ज कुणाकडून काढलंत, पिवळं कार्ड की केशरी. मग ती ती यादी देते. प्लास्टिकच्या फाइलमधली.

आम्ही पंधरावीस ट्रस्ट त्या बाईच्या डोळ्यांनी बघतो. तिची सही असलेलं शिफारसपत्र नसेल तर मी अर्ज पुढे ठेवत नाही. माझ्यासमोर बसलेला माणूस खरा किती आणि खोटा किती, हे मला दहा मिनिटांत कळत नाही. तिला बऱ्याचदा कळतं. १९३६चे विश्वस्त दहादहा हजार वाटत बसले असते तर शेकडो माणसांची सोय झाली असती हे खरं. ती खोली मात्र कदाचित फार उशिरा आली असती.

दोराबजी ट्रस्टच्या बाकीच्या कामांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ला उघडलं. १९५७मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. मार्च १९४४मध्ये होमी भाभांनी ट्रस्टला पत्र लिहिलं, आणि १९४५मध्ये टीआयएफआर ही मूलभूत विज्ञान संशोधनाची संस्था उभी राहिली. तिचाही मुख्य भार पुढे सरकारनं घेतला. उभं करायचं, चालवून दाखवायचं आणि सोडून द्यायचं. यातलं सोडून देणं सगळ्यात अवघड असावं. आमच्या ट्रस्टनं एका शाळेला कधीतरी दिलेल्या कपाटांवरची ट्रस्टच्या मूळ मालकांच्या नावाची पाटी रंगकामात पुसली गेली, तर त्यावर अख्खी मीटिंग झाली होती.

पण मोठ्या संस्थेच्या सावलीतही छोट्या पैशाची जागा रिकामी राहते. टाटा मेमोरियलच्या आसपासच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, विदर्भातून आलेली कुटुंबं पथाऱ्या टाकून असतात. उपचार सवलतीत मिळतो, राहायचं कुठे? तिथे परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा उभ्या आहेत. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्यांवर चालणाऱ्या जागा, माफक पैशात निवारा आणि जेवण. मोठा ट्रस्ट हॉस्पिटल बांधेल. पेशंटच्या आईला रात्री पाठ टेकायला जागा हवी, हे सुचायला त्या फुटपाथवरून रोज जाणारं कुणीतरी लागतं.

आणि देणाऱ्याचा हात मध्येच थांबला तर? जून २०२४मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं ५५ अध्यापक आणि साठेक कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याची पत्रं दिली. त्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत होते आणि त्या अनुदानाचं पुढे काय, हे स्पष्ट झालं नव्हतं. दोनतीन दिवसांत ट्रस्टनं पैसे देण्याची हमी दिली आणि पत्रं मागे घेतली गेली. यात चूक कुणाची हा माझा विषय नाही. मदत कशी करावी हे शिकवायला काढलेल्या संस्थेतल्या माणसांनाही आपला पगार कुणाच्या पुढच्या सहीवर अवलंबून आहे हे असं कळावं, एवढंच मनात राहिलं.

कारण आमच्यापुढेही सध्या पगाराचाच विषय आहे. पुतणीनं प्रस्ताव ठेवलाय: फीचे चेक दोन तृतीयांश कमी करा आणि त्या पैशात एका मोठ्या हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या विभागात, हॉस्पिटलच्या परवानगीनं, एक प्रशिक्षित समाजसेविका तीन वर्षं द्या. तिनं अर्ज एकदाच भरायचा आणि सगळ्या ट्रस्टांना पाठवायचा. बापानं वॉर्डात बसायचं. त्याआधी राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत केस बसते का ते बघायचं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यांतली एखादी रिकामी आहे का, याचा पाठपुरावा करायचा. कित्येक घरांना हे माहीतच नसतं आणि ती थेट आमच्यासारख्यांकडे येतात. अशी दहा मुलं जरी योजनेतून बरी झाली तरी आमच्या वर्षभराच्या वाटपापेक्षा जास्त रक्कम उभी राहील, असा तिचा हिशेब. मी तो तपासला. बरोबर आहे.

अण्णांनी दोन हरकती घेतल्या. पहिली मला अपेक्षित होती: पगारावर पैसे घालवायचे म्हणजे पैसा गरिबाकडे गेला कुठे? ही हरकत मुंबईतला प्रत्येक दाता घेतो. वह्या चालतात, कॉम्प्युटर चालतो, ॲम्ब्युलन्स तर फारच आवडते. माणसाचा पगार म्हटला की चेहरा बदलतो. पुतणीनं त्यांना ऐकवलं, ‘काका, ॲम्ब्युलन्स चालवणार कोण?’ अण्णा हसले, पण हलले नाहीत.

दुसरी हरकत पहिलीसारखी उडवून लावण्याजोगी नव्हती. ते म्हणाले, ‘तीन वर्षांनी आपण थांबलो तर त्या मुलीनं काय करायचं? आणि तिच्या भरवशावर बसलेल्या वॉर्डानं?’ पलीकडून पुतणी म्हणाली, तोवर हॉस्पिटल ते पद आपल्याकडे घेईल. ‘तसं लेखी आहे का?’ लेखी नाही.

पुढच्या मीटिंगसाठी मला एक पानाचं टिपण करायला सांगितलंय. मी लिहिलंय: तीन वर्षांसाठी असेल तर नको. सात वर्षांचा ठराव करणार असू, आणि हॉस्पिटल पाचव्या वर्षापासून अर्धा पगार उचलेल असं पत्र देणार असेल, तरच. सीए म्हणतात, एवढ्या लांबचा शब्द देणाऱ्या छोट्या ट्रस्टचे हिशेब मांडणं कटकटीचं होतं, चाळीचं भाडं कमीजास्त झालं तर काय, तेही ठरावात घाला. घातलं. फी बंद होणार त्या मुलांची यादी टिपणाला जोडली आहे. त्यात दहावीतली सगळ्यात जास्त आहेत, आणि त्यांचं हे वर्ष संपेपर्यंत चेक थांबवू नयेत, अशी एक ओळ मी अण्णांना न विचारता घातली आहे.